शिऱ्याचा वास

खोली देतानाच महानंदाबाईंनी सांगून ठेवलं:
भाडं पाच तारखेच्या आत,
नळ आठ दिवसांनी, तेव्हा बादल्या मोजून,
आणि अंडं नाही.
अंडं हा शब्द त्यांनी हळू उच्चारला,
शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसा.

मी मान हलवली.
देगलूर डेपोच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं
मान हलवूनच काढली.
मागच्या जूनला सुटलो
आणि लातूरला आलो, लेकीचा डबा करायला.
तिची आई तिकडे अंगणवाडीवर, तिला रजा नाही.

सुकन्या रात्री अडीचपर्यंत बेडकाच्या काळजात असते.
तीनच कप्पे असतात पप्पा, म्हणते, बेडकाला तीनच.
परवा म्हणाली,
हॉस्टेलच्या पोरी फ्रेंच टोस्ट करतात.
म्हणाली, आणि लगेच पान उलटलं,
मागितल्यासारखं होऊ नये म्हणून.

गौसभाईच्या बेकरीत कालचा ब्रेड निम्म्या भावात.
शिळाच न्या, म्हणाले,
ताजा दुधात रडतो.
दोन अंडी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत बांधून दिली.
प्रश्न सत्तेचाळीस नेमका अंड्यावर आला होता,
खाली चार पर्याय,
कुणीतरी तिसऱ्याला गोल करून पुन्हा खोडलेला.

खिडकी लावली. पंखा पाचवर.
अंडं फोडताना मी खोकलो.
दुसऱ्या वेळी जरा जास्तच खोकलो.
दूध, साखर, मिठाची चिमूट,
आणि दोन वेलदोडे पुरले असते तिथं अकरा.
तवा तापला की नाही हे माझ्या तळहाताला कळतं,
रेडिएटरचं झाकण उघडायच्या आधी कळायचं तसं.
ब्रेड बुडवला, उचलला, निथळू दिला,
तुपात सोडला
क्लच सोडतात तसा.
हळू. नाहीतर झटका बसतो.

कडा आधी कुरकुरल्या.
उलटला तर पाठ तपकिरी,
मधे एक फिकट ठिपका,
ब्रेडला मुळात भोक होतं तिथं.

पहिला तिनं उभ्यानंच खाल्ला.
जीभ पोळली असणार, बोलली नाही.
साखर पुस्तकावर सांडली, उजव्या कप्प्यावर,
ती बोटानं टिपून खाल्ली.
अजून आहे?

दुसरा तव्यावर टाकला.
वाटीचा वास जाईना,
नळाला अजून सहा दिवस होते.
लिंबाच्या सालीनं वाटी घासत होतो
तेवढ्यात दार वाजलं.

टरफलं खिशात.
दार बोटभर उघडलं.

काय करायलाव?

शिरा.

महानंदाबाईंनी वास घेतला, सावकाश,
बाजारात तूप पारखतात तसा.
मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं,
सुकन्याच्या ताटलीकडं,
ताटलीतल्या चौकोनी शिऱ्याच्या
उरलेल्या एका कोपऱ्याकडं.

रवा जाड दिसायलाय.

जाडच मिळाला, मी म्हणालो.

दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.
पदर कमरेला होता तो काढून
उगीच पुन्हा खोचला.
आमचा मल्लू ह्याच खोलीत अभ्यासाला बसायचा, बारावीला.
त्यालाबी असलाच शिरा लागायचा.
ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.
अन् टरफलं रस्त्यावर टाकत जाऊ नका,
कुत्री पसरवतात.
बारीक करून माझ्या गुलाबाला घाला.

खिशात हात घातला.
आपोआपच बारीक झाली होती,
एक तुकडा नखाखाली रुतला.
काहीतरी म्हणायला पाहिजे होतं,
निदान हो तरी.
त्या खाली पोचल्यासुद्धा,
कडी लागल्याचा आवाज आला.

आतून सुकन्या,
पप्पा,
दुसरा जळायलाय.